दातांच्या पैशांचा कॅमेरा

"हा उघडायचा नाही," निगडे मास्तर म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "नुसता बघ आणि सांग. घेऊ का नको?"

मी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं आणि रुमालाची गाठ सोडली. आत काळा कॅमेरा. साबणाच्या वडीएवढा, पण हातात घेतला तर अडकित्त्यासारखा भरीव. बटण दाबलं तशी कासवानं मान काढावी तसं भिंग पुढं आलं.

"केवढ्याचा?"

मास्तरांनी तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाले, "पंचेचाळीस हजार."

मी कॅमेरा जपून खाली ठेवला. माझी तेव्हाची स्कूटर कुणी आठ हजारांनासुद्धा मागितली नसती.

"सोमवारी बारापर्यंत वेळ आहे," मास्तर म्हणाले. "पुण्यात माझ्या एका विद्यार्थ्याचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्यानं विश्वासावर दिलाय. एक तर पैसे पोचवायचे, नाहीतर हा परत."

"पैसे आहेत?"

"आहेत. दातांचे."

दातांची गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी मास्तर एसटीतून उतरताना पायरी चुकले आणि वरचे पुढचे चार दात भोरच्या स्टँडवर ठेवून घरी आले. तेव्हापासून बोलताना तोंडावर हात, हसताना तोंडावर हात, आणि शक्यतो दोन्ही टाळायचं. मुळातच हा माणूस कमी बोलणारा. हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवली तीसुद्धा बहुतेक खुणांनी. एक काढघालीची कवळी करून आणली होती, ती पहिल्याच शिंकेला यमुनावहिनींच्या आमटीत पडली. मग पुण्याच्या डॉक्टरनं हाडात बसवायचे पक्के दात सुचवले. त्यासाठी पैसे जमवले, ते घेऊन मास्तर दवाखान्याकडं निघाले आणि वाटेत विद्यार्थ्याचं दुकान लागलं.

"वहिनी काय म्हणतात?"

"ती म्हणाली, दौलतभावजींना विचारा. ते सांगतील तसं करू."

म्हणजे एका माणसाचे चार दात माझ्या जिभेवर येऊन बसले.

आता मला का विचारलं, तर त्याचा दोष माझाच. मी दौलत शेटे, मास्तरांचा जुना मित्र आणि शेटे वॉच कंपनीचा मालक. कंपनी म्हणजे मी, एक टेबल आणि एक स्टूल. घड्याळं दुरुस्त करता करता गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं तर तोंड चालवावं लागतं, आणि माझं तोंड हातांपेक्षा चांगलं चालायचं. बाजारातल्या मनोऱ्याच्या घड्याळात घुबडानं अंडी घातली तेव्हा पिल्लं उडून जाईपर्यंत मी ते चालू करू दिलं नाही, तीन आठवडे भोरमध्ये साडेचारच वाजत होते आणि तेवढ्या काळात गावात कुणाचं वय वाढलं नाही, हे मी शपथेवर सांगायचो. ऐकणारेही शपथेवर पुढं सांगायचे. त्याच भरात, तरुणपणी मुंबईत जर्मन कॅमेऱ्यांच्या कारखान्यात मी दोन वर्षं मुख्य मिस्त्री होतो, हेही चाळीस वर्षं सांगत आलो होतो. मायदेशी परतताना तिथल्या गोऱ्या साहेबानं माझा हात धरून विचारलं होतं, "मिस्टर शेटे, ही दोन बोटं तेवढी आम्हाला देता का?"

खरं सांगायचं तर मी मुंबईत अकरा दिवस होतो. गिरगावात एका घड्याळाच्या दुकानात काचा पुसायला. बाराव्या दिवशी आईची आठवण आली आणि परतीची एसटी धरली. कॅमेरा मी आयुष्यात एकदाच उघडला होता. तो अजून माझ्या खणात डबीत आहे, सुटा.

पण "मला कळत नाही" हे शब्द माझ्या तोंडाला ठाऊकच नव्हते. मी कॅमेरा कानाला लावला. तळहातावर तोलला. मागचा पडदा भिंगातून न्याहाळला. "यंत्र बरं वाटतंय," मी म्हणालो. "पण टेबलावर ठेवून कळत नाही. चालवून बघायला पाहिजे."

मास्तरांना हेच हवं होतं. पिशवीतून त्यांनी चित्रांची वही काढली आणि एक पान उघडलं.

"जांभळेवाडी," ते म्हणाले.

पानावर वीरगळ होता. आमच्या खोऱ्यात देवळांच्या कोपऱ्यात, पारावर, ओढ्याकाठी हे दगड असतात. गाव राखताना नाहीतर पळवलेली गुरं सोडवताना जो पडला, त्याच्या आठवणीचा दगड. तळाशी लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चाललेल्या, त्याच्यावर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला आणि टोकाला चंद्र-सूर्य. लोक त्यावर तेल घालतात, शेंदूर फासतात. काही ठिकाणी धुणंही आपटतात. मास्तरांना या दगडांचा नाद होता. जातील तिथं बसून चित्रं काढायचे. जांभळेवाडीचं चित्र बावीस वर्षांपूर्वीचं, निवडणुकीच्या कामाला गेले होते तेव्हाचं. घोड्याची शेपटीसुद्धा केसाकेसानं काढलेली. फक्त तळाच्या चौकटीत, वीराच्या मागं, अंगठ्याएवढी जागा कोरी.

"इथं कुणीतरी आहे," मास्तर त्या जागेवर बोट ठेवून म्हणाले. "देवळात अंधार. दोनदा साधा कॅमेरा नेला, काळं ठिक्कर आलं. फ्लॅश मारला तर तेल चमकतं, नुसता पांढरा डाग. मोठा कॅमेरा, तीन पायांचा स्टँड नेला तर गाव गोळा होतं. कुणाला सर्व्हेवाले वाटतात, कुणाला गुप्तधनवाले. हा खिशात मावतो, आणि म्हणे दिव्याच्या उजेडातसुद्धा बघतो."

"बावीस वर्षं ती जागा कोरी ठेवलीस? एखादं कुत्रं काढून टाकायचं. कोण तपासायला जाणार होतं?"

"दिसलं नाही ते काढायचं नाही," मास्तर म्हणाले.

न दिसलेलंच विकून ज्याचा संसार झाला, त्यानं यावर काय बोलावं? रविवारी सकाळी निघायचं ठरलं.

घोळ झाला तो शनिवारी. सकाळीच सर्जेराव धनावडे दुकानात आला. हा जांभळेवाडीचा, डेअरीला दूध घालायला रोज भोरला यायचा. घड्याळाचा पट्टा तुटला होता. पट्टा बदलायला दोन मिनिटं लागतात. मला तेवढी पुरतात.

"उद्या तुझ्या गावाला येतोय," मी म्हणालो. "देवळातल्या वीरगळाचा फोटो काढायला. जर्मन कॅमेरा आणलाय."

"भारीतला हाय व्हय तात्या?"

"जगात तीन. एक जर्मनीत तिजोरीत. दुसरा बोटीबरोबर बुडाला. तो अजून समुद्राच्या तळाशी माशांचे फोटो काढतोय. तिसरा उद्या तुमच्या देवळात."

"आन् फोटू कुटं जायाचा?"

"कुठं जायचा नाही ते विचार. साता समुद्रापलीकडं तुमचा दगड दिसणार. लोक म्हणतील, कोणती ही जांभळेवाडी?"

सर्जेराव सुट्टे पैसे परत न घेताच पळाला. मी खूश. दुपारभर त्या समुद्राच्या तळाच्या कॅमेऱ्यात आणखी काय काय भरता येईल याचा विचार करत बसलो.

रविवारी मास्तर माझ्या स्कूटरवर मागं बसले, कॅमेरा आतल्या खिशात. खिंड उतरली तशी हलगी ऐकू आली.

"कुणाचं लग्न आहे का?" मास्तर म्हणाले.

लग्न आमचंच होतं. वेशीवर सरपंच उत्तम धनावडे फेटा बांधून उभे, मागं शे-दीडशे माणूस. आम्हाला हार घातले. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी हलगीकडं बघितलं. वाजत गाजत आम्हाला भैरवनाथाच्या देवळात नेलं, आणि सभामंडपाच्या कोपऱ्यात सर्जेरावानं दगडावरची चादर दूर केली.

दगड चंदेरी झाला होता. पत्र्याच्या ट्रंकेसारखा. घोडा काळाभोर, डोळे पांढरे. अप्सरांना गुलाबी पातळं. वीराला झुपकेदार मिशा काढल्या होत्या, कपाळाला नाम, पायात लाल बूट. दोन बोटं जाडीचा ऑइलपेंट, चौकटींचे कोपरे भरून गेलेले. आणि वीराच्या तलवारीच्या हातावर, मनगटावर, घड्याळ. पांढरी तबकडी, काळा पट्टा, दहा वाजून दहा मिनिटं.

"काल दुपारपास्नं लागलोय आमी," सर्जेराव म्हणाला. "घड्याळ तुमच्या मानासाटी, तात्या. पट्टा तुमच्याकडचाच हाय बगा."

"एवढ्या लांबचा कॅमेरा येनार म्हटल्यावर," सरपंच म्हणाले, "तसाच तेलकट काळा दगड दाखवायचा म्हंजी गावाची आब्रू."

मी मास्तरांकडं बघायचं धाडस केलं. ते तळाच्या चौकटीकडं बघत होते. जिथं कुणीतरी होतं, तिथं आता चंदेरी गोळा होता.

मास्तर पुढं झाले. दगडाला हात जोडले, सरपंचांना हात जोडले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो.

"त्यांना काही बोलू नकोस," मास्तर म्हणाले. तोंडावर हात नव्हता. लाज वाटण्याच्याही पलीकडं गेले होते. "त्यांनी मनापासून केलंय. चहा घेऊ आणि निघू. उद्या कॅमेरा परत देतो, दात बसवून टाकतो. सुटला प्रश्न."

"मास्तर, मी—"

"त्यांना तू काय सांगितलं होतंस?"

मी सांगितलं. तिजोरी, बोट, मासे. मास्तरांनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाले, "माशांचं चांगलंय." आणि वही पिशवीत घालून त्यांनी पिशवीचे बंद बांधले.

शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी परत आत गेलो. दगडाला बोट लावलं. बोट चंदेरी झालं. वरचा रंग धरला होता, पण खाचाखोचांत अजून ओला होता. घड्याळजीला एवढं कळतं: तेल घट्ट व्हायच्या आत हात घातला तर यंत्र वाचतं. माणसंही वाचतात, असं तेव्हा वाटलं, म्हणून सरपंचांपुढं उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो.

"मंडळी, मी खोटं बोललो. असे कॅमेरे जगात तीनच नाहीत. पुण्यातल्या दुकानात कपाटभर आहेत. कुठली बोट बुडालेली नाही. मी जर्मन कारखान्यात कधी नव्हतो. मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि मास्तरांना हवा होता तो जुना काळा दगड, जसा होता तसा. तुमचा रंग माझ्या खोटेपणामुळं लागला. तो काढू द्या."

मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळं देऊळ हसायला लागलं.

"तात्या म्हंजी तात्याच!" सर्जेराव डोळे पुसत म्हणाला. "कुटं बोट बुडाली न्हाई म्हनं!"

"थोर मानसं अशीच आसत्यात," सरपंच म्हणाले. "मोटेपना म्हनून घेत न्हाईत. चला, फोटू काडा."

घुबडाची अंडी लोकांनी शपथेवर खरी मानली होती. खऱ्याला एक गिऱ्हाईक मिळेना.

"हासताय काय, दात काडून?"

आवाज खांबाआडून आला. तिथं एक म्हातारी बसली होती, पुढ्यात तेलाची वाटी. धनावड्यांच्या थोरल्या घरातली हौसाआजी. वीराला तेलपाणी करायचा मान थोरल्या सुनेचा; लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं तीच करत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्या हाताची बोटं तेलानं काळी पडलेली.

"त्यो मानूस म्हन्तोय खोटं बोललो, तर बोललाच आसंल. त्येचं त्येला ठावं," आजी म्हणाली. "रंग काडा."

"आगं आजे, अडीच हजाराचा रंग हाय," सरपंच म्हणाले.

"माज्या म्हाताऱ्याचं त्वांड बुजवलंसा तुमी! सांजच्याला तेल घालाया आले, हात लावला तर नाक घावंना मला. साठ वरसं न्हाऊ घालती मी त्येला. मला इचारलंसा?"

सरपंचांनी फेटा काढून खुंटीला लावला.

रॉकेल आलं, चिंध्या आल्या. पुस्तकं वाचलेले लोक म्हणतात की दगडाला रॉकेल लावू नये. बरोबरच असेल; तुम्ही लावू नका. आमच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. काल रंगवायला बसलेली तीच माणसं आज पुसायला बसली. मोठे भाग त्यांनी घेतले, खाचाखोचा मी. खिशात घड्याळाचा बारीक ब्रश आणि भिंग असतंच. पालथं पडून मी अप्सरेच्या बांगड्यांमधला रंग टोकरत होतो आणि माझ्या तोंडातून चकार शब्द निघत नव्हता. सर्जेराव दोनदा येऊन विचारून गेला, "तात्या, बरं वाटंना का?" मनगटावरचं घड्याळ त्यानं स्वतःच पुसलं, सगळ्यात शेवटी, आणि जरा जड मनानं. मग बायकांनी शिकेकाईचं पाणी घालून दगड धुतला. हौसाआजीनं उठून नाकाला हात लावला. "हां," म्हणाली. "आता वळीखला."

रंगाबरोबर कित्येक वर्षांचं तेल आणि शेंदूरही गेला होता. मास्तर दारात येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे.

दुपार कलली होती आणि दारातून तिरपी तिरीप येत होती. मास्तरांनी आजीकडं पितळेचं ताट मागितलं, ते माझ्या हातात दिलं आणि दारापाशी उभं केलं. "ऊन पकड आणि दगडावर बाजूनं टाक. समोरून नको, बाजूनं. हलू नकोस."

मी ताट धरलं. उन्हाचा पट्टा दगडावर आडवा पडला आणि सपाट वाटणाऱ्या कोरीवकामाला एकदम अंग आलं. मास्तर उकिडवे बसले, साबणाची वडी डोळ्यांपुढं धरली. बराच वेळ काहीच होईना.

"काढ की."

"काढले. नऊ."

"आवाज?"

"होत नाही."

चाळीस वर्षं मी यंत्रांचे आवाज ऐकत जगलो. काम करून गप्प बसणारं यंत्र पहिल्यांदाच बघत होतो. जरा राग आला आणि जरा आदर वाटला.

मास्तरांनी मागच्या पडद्यावर चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. मी ताट टाकून धावलो. तळाची चौकट, वीराचा घोडा, घोड्याच्या मागं एक बुटका माणूस. हातात तलवार नाही, ढाल नाही. वाकडं शिंग तोंडाला लावलेलं, मान मागं टाकलेली, आणि गाल असे फुगलेले की कोरणाऱ्यानं त्या फुगवट्यावर एक ओरखडासुद्धा चुकू दिला नव्हता.

मास्तर हसायला लागले. आवाज करून, डोकं मागं टाकून, चार दातांची खिडकी सताड उघडी टाकून. वर्षभरात मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"काय घावलं?" आजीनं विचारलं.

"इथं एक माणूस आहे आजी, शिंग—"

"शिंगाड्या त्यो. गाल फुगीवलेत. ठावं हाय की." तिनं तेलकट बोटं नाचवली. "रोज हाताला लागतोय. मला इचारलं आसतंसा तर तवाच सांगितलं आसतं."

देवळात हास्याचा फवारा उडाला. "घ्या!" सरपंच म्हणाले. "आजीचं बोट फुकटात, आन् कॅमेरा केवढ्याचा म्हनं?"

मास्तरांचा हात परत तोंडाकडं गेला. मलाही तेच वाटलं. बावीस वर्षं, पंचेचाळीस हजार, आणि उत्तर खांबाला टेकून बसलेलं होतं.

पण आजी हसत नव्हती. "आन त्यो हिकडं," म्हणाली. मास्तरांनी कॅमेरा तिच्यापुढं धरला. तिनं पडद्यावर बोट फिरवलं, तेलाचा ठसा उमटला. "गुळगुळीत हाय की. मला काय कळायचं न्हाई ह्येच्यात." मग मास्तरांच्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, "पर तुमास्नी दिसतंय न्हवं, बाबा? नाक, गाल, समदं?"

"दिसतंय आजी. समदं."

"मग ठिवा जपून. सून गुडघ्यानं बेजार, नातसून पुन्यात. माजी बोटं गेल्यावर कोन वळखनार ह्यास्नी?"

परत येताना खिंडीत मास्तर एकदाच बोलले. "उद्या सकाळी ये," म्हणाले. "उत्तर घेऊन ये."

सोमवारी आठ वाजता मी त्यांच्या ओट्यावर. वहिनींनी चहा ठेवला आणि आत गेल्या, पण दार लोटलं नाही. कॅमेरा मध्ये, रुमालावर.

"बोल. मोलाचा आहे का?"

"मास्तर, काल देवळात बोललो ते खरं होतं," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही. तुझ्या दातांचा निवाडा मी कसा करू? मुंबईत मी अकरा दिवस काचा पुसल्या."

"नऊ," मास्तर म्हणाले.

"काय?"

"अकरा नाही, नऊ. तुझी आई सांगायची. दोन दिवस तू पुण्याच्या स्टँडवर बसून होतास, घरी यायची लाज वाटली म्हणून."

आत भांडं वाजलं. वहिनी हसत होत्या.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? मग मला कशाला विचारलंस?"

मास्तरांनी तोंडाकडं हात नेला, आणि मग खाली घेतला. "कॅमेरा चांगला आहे हे मला दुकानातच कळलं होतं, दौलत. चित्रकलेचा मास्तर आहे मी. पण अशी शंभर गावं आहेत. गावात शिरायचं, माणसांना बसवायचं, देवळाची किल्ली मागायची, म्हातारीशी बोलायचं. मला दात होते तेव्हासुद्धा ते जमलं नाही. दात बसवले तर कॅमेरा नाही. कॅमेरा घेतला तर तोंड नाही. तोंड कुणाचं तरी लागणार. तू येणार असलास तर हा मोलाचा आहे. नाहीतर बाराच्या आत परत देतो."

मी घड्याळाकडं बघितलं. सवयीनं. सव्वाआठ झाले होते. मोबाइल आल्यापासून माझ्या दुकानात आठवड्याला चार माणसं यायची, त्यांतली दोन पत्ता विचारायला. घुबडाची गोष्ट शेवटची कुणाला सांगितली होती ते आठवत नव्हतं. हे सगळं मास्तरांना दिसत होतं. दिसलं नाही ते न काढणारा माणूस. दिसलेलं मात्र त्यानं कधी सोडलं नाही.

"पण रंग लावला तर?" मी विचारलं.

"आदल्या दिवशी तुला कुणाशी बोलू द्यायचं नाही. एवढीच अट."

अकरा वर्षं आम्ही फिरलो. तीनशे शहाऐंशी वीरगळ. हा आकडा मात्र माझा नाही, मास्तरांचा आहे, तेव्हा त्यातून काही वजा करू नका. मी पारावर बसून बोलायचो, गाव माझ्याभोवती जमायचं, आणि मास्तर मागच्या मागं देवळात शिरून साबणाच्या वडीनं आपलं काम उरकायचे. परत आले की माझ्या गोष्टीचा शेवट ऐकत उभे राहायचे आणि उघड्या तोंडानं हसायचे. दात त्यांनी शेवटपर्यंत बसवले नाहीत. तोंडावर हात धरायचं मात्र जांभळेवाडीनंतर सुटत सुटत सुटलं. हौसाआजी गेली तेव्हा आम्ही शिंगाड्याचा आणि वीराचा मोठा फोटो करून तिच्या सुनेकडं पोचवला. नातसून पुण्याहून आली होती. तिनं तो बराच वेळ हातात धरला होता.

दोन वर्षांपूर्वी थंडीत मास्तर गेले, झोपेत, कुणाला आवाज न देता. त्यांच्या कॅमेऱ्यासारखेच.

महिन्याभरानं वहिनी दुकानात आल्या. कॅमेरा रुमालात, आणि चित्रांची वही.

"हे तुमच्याकडं राहू द्या, भावजी. आणि पान दाखवायला सांगितलंय. म्हणाले होते, दौलतला म्हणावं भिंग लावून बघ."

जांभळेवाडीचं पान. कोरी जागा भरली होती. बुटका माणूस, वाकडं शिंग, फुगलेले गाल. शाईची नाजूक रेघ, जशी दगडावर तशी. मी म्हणालो, "सुंदर आहे," आणि वही मिटायला लागलो.

"भिंग लावून," वहिनी म्हणाल्या.

मी कपाळावरचं भिंग डोळ्यावर आणलं आणि पानावर वाकलो. शिंग धरलेल्या हाताच्या मनगटावर, तिळाएवढं, घड्याळ होतं. काळा पट्टा, पांढरी तबकडी, दहा वाजून दहा मिनिटं.